बद्रीनाथांचं पक्षांतर

साखरपुड्यात वधूपित्यानं रुसायचं नसतं. रुसणं हे वरपक्षाचं राखीव खातं. वधूपक्षानं हातात सरबताचा ग्लास घेऊन समजूत काढत फिरायचं. बद्रीनाथ आगाशे यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरीसुद्धा एकुलत्या एक लेकीच्या, भाग्यश्रीच्या साखरपुड्यात, अंगठ्या घालून झाल्यावर ऐन आइस्क्रीमच्या वेळी, ते रुसले.

झालं होतं एवढंच, की वराकडची तरुण मंडळी घोळका करून एकमेकांच्या फोनला फोन भिडवत होती आणि त्यातून फोटो भराभर इकडचे तिकडे जात होते. बद्रीनाथांनीही हौसेनं आपला फोन पुढे केला. "मलाही द्या की एक. अंगठी घालतानाचा."

नवरदेव तेजसची मावसबहीण गोड हसून म्हणाली, "काका, आमचे सगळ्यांचे आयफोन आहेत. तुमच्यात नाही येणार. मी व्हॉट्सॲपवर टाकते ना नंतर."

फोटो दुसऱ्या दिवशी आला. त्यात मधोमध उभे आहेत ते बद्रीनाथ की कार्यालयाचा पडदा, हे सांगणं कठीण होतं.

"'तुमच्यात' म्हणाली ती," बद्रीनाथ सदाशिव पेठेतल्या आपल्या घरी चहा गार करत म्हणाले.

"अहो, फोनबद्दल म्हणाली," मुक्ताई म्हणाल्या.

"आणि फोन कोणाच्या हातात होता?"

"तुमच्या. उलटा धरला होतात."

बायकोकडून न्याय मिळण्याची आशा संपल्यावर बद्रीनाथांनी जनतेकडे जायचं ठरवलं. देशात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइडचे असतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. ते त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तोंडात आरसा असताना सांगितलं. आगाशे कुळात घराघरांत अँड्रॉइडच होता. आयटी कंपन्यांच्या खराडीत मात्र, जिथे तेजसची नोकरी आणि घर होतं, आपलं डिपॉझिट जप्त होणार, हे त्यांनी खिलाडूपणे मान्य केलं.

याद्यांच्या बैठकीला ते कंबर कसून बसले. मानपान, आहेर, रुखवत झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. "फोटोंचं काय? दोन्ही पक्षांना सारख्याच प्रतीचे मिळावेत, असं आमचं म्हणणं आहे."

तेजसचे वडील श्यामसुंदर राऊत मूळचे वर्ध्याचे. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले. ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे जी तुमचं. तुम्ही म्हणाल तसं करू."

बद्रीनाथ हिरमुसले. पेठेतल्या माणसाला विरोध सोसतो, वाद तर पचायलाच हवा असतो. पण समोरच्यानं पहिल्याच फटक्यात मान्य केलं की त्यानं करायचं काय? घरी परतल्यावर ते मुक्ताईंना म्हणाले, "माणूस आतल्या गाठीचा दिसतो."

आणि चारच दिवसांनी बॉम्ब पडला. तेजसनं भाग्यश्रीला वाढदिवसाला आयफोन दिला. बद्रीनाथांनी तो पांढरा खोका तिच्या टेबलावर पाहिला आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"फुटली," ते म्हणाले. "घरचं मत फुटलं."

मुक्ताई हसणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा पाहून थांबल्या. "अहो, एवढं काय लावून घेताय?"

"फोनचं नाही गं काही. रोज संध्याकाळी ती माझा फोन हातात घेते, 'बाबा, हे काय करून ठेवलंत' म्हणून ओरडते आणि सगळं नीट करून देते. तेवढी पंधरा मिनिटं ती माझी असते. आता खराडीला गेली, त्यांच्यातली झाली, की मी तिला फोन करायचा तो कशासाठी?"

मुक्ताईंनी त्यांच्यापुढे गरम चहा आणून ठेवला.

दोन दिवस विचार करून बद्रीनाथांनी निर्णय घेतला. लेक तिकडे, तर आपणही तिकडे. पण ज्या माणसानं निम्म्या पेठेला अँड्रॉइडची महती ऐकवली, त्यानं पेठेतल्या दुकानात जाऊन आयफोन मागणं म्हणजे शोभाच. म्हणून ते रिक्षा करून थेट कॅम्पात गेले. तिथे कुत्रंही ओळखत नव्हतं. एक बऱ्यापैकी दुकान पाहून ते आत शिरले आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "हा घ्या आणि एखादा वापरलेला आयफोन दाखवा."

शेजारी वाकलेले एक गृहस्थ तितक्याच हळू आवाजात म्हणत होते, "हा आयफोन घ्या जी, अन् मले साधा अँड्रॉइड द्या."

दोघांनी एकाच वेळी माना वळवल्या.

"अरेच्चा, राऊतसाहेब," बद्रीनाथ म्हणाले. "आपण इकडे कुठे?"

"हे... म्हणजे... काच बदलायला आलो होतो," श्यामसुंदर म्हणाले. त्यांच्या फोनची काच धडधाकट होती. मग खोटं त्यांना पेलवेना. "खरं सांगतो, आगाशेसाहेब. आमच्या पोरीच्या बोलण्यानं तुमचं मन दुखावलं, हे मले याद्यांच्या दिवशी समजलं. म्हटलं, आपणच तुमच्यात यावं. खराडीत घेतला असता तर तेजसले कळलं असतं."

बद्रीनाथांना गहिवरून आलं आणि त्याच क्षणी अंगाची आगही झाली. व्याही आपल्यासाठी फोन बदलणार? मग जन्मभर त्यांच्या उपकाराखाली राहायचं?

"छे छे. आपण तसदी घेऊ नका. मी बदलतोय ना."

"तुम्ही कशाले? मुलीकडच्यांनी नाही वाकायचं आता. ते दिवस गेले."

"मुलीकडचा म्हणूनच म्हणतो. मला आपले उपकार नकोत."

"उपकार कसले, मी मनानं करून राहिलो."

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. एकानं बदलायचं, दुसऱ्यानं नाही, की प्रश्न मिटला. पण आधी माघार घ्यायची कोणी, हा मानाचा प्रश्न होता, आणि मानाच्या प्रश्नावर लग्नं मोडतात, तिथे फोनची काय कथा. दुकानदार बराच वेळ दोघांकडे आलटून पालटून पाहत राहिला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "यांना तुमचा पाहिजे, तुम्हाला यांचा पाहिजे. मग मी मधे कशाला? सिम काढायची पिन देतो. तिचे पैसे घेत नाही."

व्याह्या-व्याह्यांत हिशेब कसला, असं दोघांनी एकमेकांना बजावलं. दुकानदारानं दोन्ही फोनमधलं जुनं सगळं पुसून, सिमं बदलून दिली. दोघांनी समोरच्या हॉटेलात चहा घेतला, पैसे कोणी द्यायचे यावर पुन्हा भांडले आणि आपण काहीतरी थोर केलंय अशा चेहऱ्यानं आपापल्या रिक्षात बसले. फक्त बाजू बदलल्या आहेत, दरी होती तेवढीच आहे, हे बद्रीनाथांच्या लक्षात यायला पेठ जवळ यावी लागली. पण तोवर उशीर झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी जमेल तेवढ्या रुबाबात फोन टेबलावर ठेवला. "भाग्यश्री, बघ. आता मीही तुझ्याच पक्षात."

भाग्यश्री त्या फोनकडे बघतच राहिली. "बाबा, काय केलंत हे? मी तो आयफोन परत दिला."

"परत? का?"

"तेजसला म्हटलं, लग्नानंतर बाबांचे फोन येणार. 'ते कोपऱ्यातलं बटण कुठे गेलं' विचारणार. माझ्याकडेही तसाच फोन नसेल तर मी तिथून सांगणार कसं? मला हाच राहू दे."

बद्रीनाथांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. इतकं सुख आणि इतका मूर्खपणा एकदम त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन वाजला.

"बेटा, मी श्यामसुंदर," पलीकडून आवाज आला. "तुह्या बाबांचा फोन घेतला, पण याचा आवाज वाढतच नाही. तेजस म्हणते, मले यातलं काही समजत नाही, भाग्यश्रीले विचारा."

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला, हसत सुटली आणि भावी सासऱ्यांना एकेक बटण सांगू लागली. ते संभाषण अर्धा तास चाललं. शेवटी शेवटी तर त्यात फोनचा विषयही नव्हता. वर्ध्याच्या संत्राबर्फीपर्यंत गाडी गेली होती.

इकडे बद्रीनाथांना नव्या फोनला स्वतःच घातलेलं कुलूप उघडेना. नाइलाजानं त्यांनी मुक्ताईंच्या फोनवरून तेजसला गाठलं. पोरगा ऑफिस सुटल्यावर खराडीहून स्कूटर हाणत आला. त्यानं कुलूप उघडून दिलं आणि मुक्ताईंनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षरं लहान झाली. तिसऱ्या दिवशी घड्याळ परदेशातली वेळ दाखवायला लागलं. आठवड्याभरात तेजसचं ताट न विचारता मांडलं जाऊ लागलं.

एके संध्याकाळी भाग्यश्री ठेवणीतला ड्रेस घालून बाहेरच्या खोलीत आली. तेजस आणि बद्रीनाथ कोचावर डोक्याला डोकं लावून फोनमध्ये घुसले होते.

"बाबा, आम्ही नाटकाला निघालोय. आणि फोन कालच नीट झाला होता ना तुमचा?"

"झाला होता," बद्रीनाथ मान वर न करता म्हणाले. "मी परत बिघडवला."

"साखरपुडा माझा झालाय त्याच्याशी."

"हो, हो. पहिली घंटा होईपर्यंत सोडतो," बद्रीनाथ म्हणाले आणि त्यांनी तेजसला जरा सरकून आरामात बसायला सांगितलं.