मास्तरांनी बांबूला बूस्टरवर बसवलं

"फीत? फीत लागते नवशिक्यांना!" असं मास्तर म्हणायचे आणि गळ्यातली फीत नुसती शोभेची असल्यासारखी झटकायचे.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंप्याच्या दुकानातले. वीस वर्षं कात्री चालवलेली. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर आणि पायाची लांबी मास्तरांच्या डोक्यात पक्की झालेली असायची. बँकेतल्या एका कॅशियरच्या कोटाची बाही तेवढी तोकडी झाली होती. पण त्यात मास्तरांचा काय दोष? कॅशियरसाहेबांना मुळात हात आखडता घ्यायची सवय!

तर अशा या मास्तरांना एक मुलगी. वय वर्षं तीन आणि वर दोन महिने. उंची मात्र तिने आईच्या माहेरून उचललेली. मास्तर स्वतः अंगाने बेताचे. शाळेच्या प्रत्येक फोटोत पहिल्या रांगेत, मांडी घालून खाली बसलेले. आणि त्यांच्या पोटी ही वेलीसारखी सरसर वाढणारी पोर! आजोळी तिला कौतुकाने 'बांबू' म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं.

"पाच पूर्ण झाली ना हो हिला?" लोक विचारायचे.

"तीन!" मास्तर सांगायचे. समोरच्याचा आ वासलेला पाहिला की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दिवसातून दोनदा कोणीतरी विचारलं नाही, तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

एका सोमवारी सकाळी बायको बांबूला गाडीत बसवत होती. बांबूची कार-सीट पाच पट्ट्यांची. खांद्यांवरून दोन, कमरेशी दोन, पायांमधून एक, आणि सगळे पोटापाशी एका बकलात अडकवायचे. बायको पट्टे ओढता ओढता थबकली.

"अहो, हे बघा. वरचे पट्टे हिच्या खांद्याच्या खालून यायला लागलेत."

मास्तरांनी एक डोळा मिटून पाहिलं. "तोकडी झाली सीट. बूस्टर आणायचं!"

बूस्टर म्हणजे नुसती उंच बैठक. त्यावर मूल बसवायचं आणि गाडीतला मोठ्या माणसांचा पट्टाच त्याला लावायचा. पाच पट्टे नाहीत की पोटावरचं बकल नाही. थोडक्यात, मोठं झाल्याचं प्रमाणपत्र!

"लगेच कशाला ठरवता?" बायको म्हणाली. "रविवारी निवांत बसून बघू. सीटवर काय लिहिलंय ते वाचू, कोणा जाणत्याला विचारू."

"मापाचं मला सांगू नकोस!"

"रविवारी," बायको म्हणाली आणि कामाला गेली. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देण्याचं काम करायची. तिने दिलेली वेळ बदलायची डॉक्टरांचीही छाती नव्हती.

मास्तरांची मात्र झाली. मंगळवारी दुपारी दुकान अर्धं ओढून घेऊन ते निळंशार बूस्टर घेऊन आले. बुधवारी बायको लवकर गेली. तिची पाठ वळते न वळते तोच मास्तरांनी जुनी सीट गाडीतून उपटली. हो, उपटलीच. ती निघता निघेना, तेव्हा एक पाय दाराला लावून ओढावी लागली. आता ही ठेवायची कुठे? तळमजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांचा नातू दोन वर्षांचा. मास्तरांनी काकांचं दार वाजवलं आणि राजाने गाव इनाम द्यावा अशा थाटात सीट त्यांच्या हातात ठेवली.

"अहो, पण बांबूला नको का?" काका चष्मा वर करत म्हणाले.

"बांबू मोठी झाली, काका!"

बालवाडी सात मिनिटांवर. बांबू बूस्टरवर राणीसारखी बसली. मास्तरांनी पट्टा लावून दिला, खांद्यावरून कसा झकास गेला होता! आरशात बघत बघत मास्तर निघाले.

कोपऱ्यावरच मागून आवाज आला, "खट्!"

बांबूला पट्ट्याचं लाल बटण सापडलं होतं. पाच पट्ट्यांचं ते कडक बकल तिच्या बोटांना कधी दाद देत नव्हतं, पण हे बटण म्हणजे लोणीच! मास्तरांनी गाडी कडेला घेतली, पट्टा लावला.

"बाळा, याला हात नाही लावायचा."

"बरं," बांबू म्हणाली.

पुढच्या वळणावर पाहतात तो पट्टा खांद्यावरून काखेत गेलेला. गाडी कडेला. औषधांच्या दुकानापाशी पाहतात तो बांबू घसरून पट्ट्याखालून निम्मी खाली लोंबतेय, पट्टा पार गळ्यापाशी! पुन्हा गाडी कडेला. आता ते बैलगाडीच्या चालीने निघाले. मागे चार गाड्या, एक पाववाला आणि एक सायकलवाला. सायकलवाल्याने तर ओलांडून पुढे जाताना वाकून पाहिलं, की आत कोणी आजारी आहे का.

चौकाच्या अलीकडे मास्तरांनी आरशात पाहिलं. बूस्टर होतं. बांबू नव्हती!

त्यांनी भर रस्त्यात ब्रेक लावला. मागे पाच भोंगे एकदम वाजले.

"बांबू!"

"माझा मोजा पडला," खालून, सीटच्या पायथ्याशी, शांत उत्तर आलं.

काचेवर टकटक झाली. बाहेर वाहतूक पोलीस बाई उभ्या होत्या. चांगल्या धिप्पाड, कडक इस्त्रीच्या गणवेशात. मास्तरांच्या नजरेने भीतीतही नोंद घेतली, की शर्ट खांद्यात बोटभर सैल आहे.

"गाडी कडेला घ्या. मूल खाली काय करतंय?"

"मोजा शोधतंय, मॅडम," गाडी कडेला लावून खाली उतरत मास्तर म्हणाले.

बाईंनी मागचं दार उघडून बांबूला उचललं आणि फूटपाथवर उभं केलं. "वय काय हिचं?"

"तीन!" मास्तर सवयीने अभिमानाने म्हणाले.

बाईंनी बांबूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू किती वर्षांची गं?"

बालवाडीत त्याच आठवड्यात पाचापर्यंत आकडे झाले होते. बांबूने पूर्ण पंजा वर केला. "पाच!"

"तीन आहे हो ती!"

"पोटच्या मुलीचं वय ठाऊक नाही तुम्हाला?" बाईंच्या भुवया जवळ आल्या. "बाळ, नाव काय तुझं?"

"बांबू."

"खरं नाव सांग."

"बांबू!"

"आणि हे कोण तुझे?"

आता दुकानात येणारा-जाणारा सगळा गाव बापाला ज्या नावाने हाक मारतो, तेच नाव पोरगी घेणार. "हे मास्तर," बांबू म्हणाली.

"शाळेतले?"

"नाही. कपड्यांतले."

बाईंनी मास्तरांचा हात कोपराशी धरला. जोरात नव्हे, पण सुटणार नाही असा. "हिच्या आईचा नंबर सांगा. फोन मी करते."

मास्तरांनी घाम पुसत नंबर सांगितला. बाईंनी स्वतःच्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"तुमची पाच वर्षांची मुलगी इथे चौकात आहे. बूस्टरवर बसवून एक माणूस तिला..."

"मला पाच वर्षांची मुलगी नाही," पलीकडून पेशंटना वेळा देतानाचा तोच थंड आवाज आला. "आणि आमच्याकडे बूस्टरही नाही. चुकीचा नंबर लागलाय." आणि फोन बंद!

बाईंनी मास्तरांकडे असं पाहिलं, की मास्तरांना आपले जन्मभराचे सगळे गुन्हे आठवले.

"पुन्हा लावा, मॅडम! हात जोडतो! मला बोलू द्या!"

दुसऱ्यांदा फोन उचलला गेल्याबरोबर मास्तर ओरडले, "अगं, मी! मीच तो माणूस!"

पलीकडून बायको अगदी हळू म्हणाली, "रविवार उजाडला वाटतं?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. निळं बूस्टर, उपटलेली सीट, घड्याळवाले काका, मोजा. बायको एवढंच म्हणाली, "जागचे हलू नका."

पुढची वीस मिनिटं मास्तर फूटपाथच्या कडेवर बसून होते. आता कुठे ते एकेक वळण पुन्हा आठवू लागले. मघाशी आपण बैलगाडीच्या चालीने होतो म्हणून. मागचे सगळे वेळेवर थांबले म्हणून. नाहीतर? पुढचं त्यांच्याच्याने मनातही म्हणवेना. शेजारी पोलीस बाई बांबूच्या पायात मोजा चढवत होत्या. आपली टोपीही त्यांनी तिला घालायला दिली होती. टोपी तिच्या नाकापर्यंत उतरली, तेव्हा मास्तरांना पहिल्यांदाच ती केवढीशी दिसली.

घड्याळवाल्या काकांच्या गाडीतून बायको आणि सीट दोघी आल्या. बायकोने आधी बांबूला चाचपलं, मग मास्तरांना. आणि सीट मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले. "म्हणून मी ती दाराशीच ठेवली होती."

"पण मॅडम," मास्तर चाचरत म्हणाले, "ती तोकडी झालीय हो. पट्टे खांद्याच्या खालून येतात."

बाईंनी सीट उलटी केली. "मला जुळी आहेत. दोघंही ताडमाड. या चिरा बघा." पाठीत पट्टे ओवायच्या चिरांच्या जोड्या एकावर एक होत्या. पट्टे तिसऱ्या जोडीतून गेलेले. आणि त्याच्या वर, कापडाच्या दुमडीआड, चौथी जोडी!

मास्तर बघतच राहिले. अहो, पोरांच्या कपड्यात वाढत्या अंगासाठी ते स्वतः शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायचे. चार बोटं, कधी सहा. आणि या सीटवाल्याने ठेवलेली माया त्यांना दिसली नव्हती!

"आणि हे लेबल. किती उंचीपर्यंत, किती वजनापर्यंत, सगळं लिहिलंय. वाचलं होतं?"

"मॅडम, आयुष्यभर लेबलं शिवली. वाचलं एकही नाही."

बाई पहिल्यांदा हसल्या. "या मापांत बसते तोवर पाच पट्ट्यांतच ठेवा. ही उंच आहे, वजन बेताचंच आहे. आणि मास्तर, मापात बसणं वेगळं, जागेवर बसणं वेगळं. सांगितल्याशिवाय सबंध रस्ता नीट बसेल, पट्ट्याला हात लावणार नाही, तेव्हा बूस्टरचा विचार. माझी दोघं शाळेत जायला लागली तरी पट्ट्यांतच होती. काही बिघडलं नाही त्यांचं."

मग काका, बायको आणि बाई असे तिघे मिळून सीट बसवू लागले. गुडघ्याने दाबून, पट्टा आवळून, हलवून, पुन्हा आवळून. मास्तरांना कोणी हात लावू दिला नाही. बांबू आत बसली. पट्टे आता खांद्याच्या वरून आले. मास्तरांनी गळ्यातली फीत काढली आणि सगळ्यांसमोर, चक्क दोनदा, मोजून पाहिलं. अजून दोन बोटं जागा होती.

दंडाची पावती बाईंनी फाडलीच. रस्त्यात गाडी उभी केल्याबद्दल. मास्तरांनी ती देवाचा प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी घेतली.

"मॅडम, तुमचे उपकार... तुमचा शर्ट खांद्यात सैल आहे. दुकानात या. पैसे घेणार नाही."

"माप फितीने घेणार असाल तर येईन," बाई म्हणाल्या आणि गाड्यांच्या गर्दीला हात दाखवत चौकात निघून गेल्या.

बालवाडी बुडालीच होती. बायकोने गाडी चालवली, मास्तर मागे बांबूशेजारी बसले. दोन मिनिटांत ती झोपली. मान सीटच्या कडेला अलगद टेकली आणि तिथेच राहिली. मास्तर सबंध रस्ता बाहेर न बघता तिच्याकडे बघत होते.

घराशी गाडी थांबली तशी ती जागी झाली.

"बाळा," मास्तर चोरट्यासारखे म्हणाले, "तू अजून छोटी आहेस बरं का. बूस्टर नंतर."

रडारड होईल म्हणून त्यांनी श्वास रोखला होता. बांबूने थोडा विचार केला. "छोटी आहे?"

"हो."

"मग उचलून घे."

घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तरांनी तिला उचललं. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांना लागत होते, हनुवटी त्यांच्या टकलावर. पहिला मजला त्यांनी हसत काढला. दुसऱ्यावर भिंत धरली. तेवढ्यात तिथल्या शेजारीणबाईंनी दार उघडलं.

"अगंबाई! मास्तर, एवढी मोठी घोडी आणि कडेवर? पाच पूर्ण ना हिला?"

"छे हो!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "मोठी कुठली! एवढीशी तर आहे!"

आणि त्या एवढ्याशा पोरीला घट्ट धरून ते तिथेच पायरीवर मटकन बसले.