बिनशिशाची मासेमारी

लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझे सासरे गणपतराव माझ्याशी एकूण चारच शब्द बोलले होते. "बरं हाय न्हवं?" हे तीन, आणि एकदा बसमध्ये "सरका."

त्यामुळे २००३ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आजऱ्याहून महिनाभर आमच्याकडे कोल्हापूरला आले, तेव्हा मी मनाशी ठरवलं, की या महिन्यात मामांना बोलतं करायचंच. (हे ठरवलं नसतं तर एका गरीब म्हशीचा रविवार सुखात गेला असता.)

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, तरी फेरतपासणीसाठी त्यांना थांबावं लागलं. दिवसभर गॅलरीत बसून रिक्षा बघायचे. शेवटी माझी बायको अनुजा म्हणाली, "अहो, आबांना नदीवर तरी न्या की. हिरण्यकेशीत गळ टाकण्यात जन्म गेलाय त्यांचा."

मला एकदम माझी काठी आठवली. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच क्लार्क. आमची कास्टिंग तपासायला स्कॉटलंडचा एक साहेब यायचा. त्याला मी एकदा जोतिबाला नेऊन गुलालात बुडवून आणला होता. गडी इतका खूश झाला, की जाताना आपली फ्लाय फिशिंगची काठी आणि त्यावरचं जाडजूड पुस्तक मला देऊन गेला. पुस्तक मी तीनदा वाचलं होतं. काठीनं अजून नदी बघितली नव्हती.

"मामा, ही फ्लाय फिशिंगची काठी."

"फ्लाय म्हंजे?"

"माशी."

मामांनी काठी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "माशा धरायला एवढी?"

"धरू देत की आबा," आतून अनुजा ओरडली, "सैपाकघरात लई झाल्यात!"

मी समजावून सांगितलं. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून त्याचीच माशी करतात. तिला वजन असं नसतंच. वजन असतं दोरीला. काठी मागंपुढं झुलवून दोरी फेकायची, की माशी तिच्यामागून अलगद पाण्यावर उतरते.

"आनि शिसं?"

"शिसं नाही."

"मग ती तळाला जानार कशी?"

मामांची पद्धत वेगळी. दोरीला शिशाचा मणी, टोकाला गांडूळ. मणी तळाला ठेचकाळत धारेबरोबर वाहत जातो, आणि मासा तळालाच असतो.

"मामा, शिसं लावून धारेला सोडलं, की मग टोकाला माशी का असेना, ते खरं फ्लाय फिशिंग नव्हेच. पुस्तकात लिहिलंय."

"मग काय म्हनायचं त्येला?"

"साधी मासेमारी."

'साधी' हा शब्द मी गिळायला हवा होता. मामांचे कान लाल झाले. "चाळीस वर्सं मी साधी मासेमारी करतोय व्हय?"

तीन दिवस वाद चालला. मामा आठ वर्षांचं साचलेलं एकदम बोलून घेत होते. भाकरीचा घास हातात धरून मध्येच विचारायचे, "समजा, शिसं माशीच्या पोटात लपवलं तर?" पुस्तकात यावर अडीच पानं होती, आणि ती मला धड समजली नव्हती. म्हणून मी ठामपणे म्हणायचो, "चालत नाही!" अनुजा मात्र भलतीच खुशीत होती. दोघांच्या ताटात तूप वाढलं होतं.

रविवारी डबा घेऊन तिघं प्रयाग चिखलीला गेलो. मामा एका दगडावर बसले आणि अर्ध्या तासात दोन शिंगाळे काढले. तेवढ्या वेळात माझी माशी एकदा बाभळीत अडकली आणि दोनदा माझ्याच गळ्यात. (पुस्तकात बाभळीचा उल्लेख नव्हता. स्कॉटलंडात नसावी.)

"अहो," झाडाखालून अनुजा म्हणाली, "काठी मासं धरायला हाय, वारा घालायला न्हवं."

मामा पाणी प्यायला झाडाखाली गेले. त्यांची शिशाच्या मण्यांची डबी दगडावर उघडीच होती. काय बुद्धी फिरली कोण जाणे. मी त्यातला एक मणी उचलला आणि माशीच्या वर दातानं दाबून बसवला. (हे मी तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.)

काठी मागं झुलवली. एरवी हवेत तरंगणारी दोरी आता गोफणीसारखी सुटली, कानाजवळून सूंऽ करत मागं गेली आणि तिथंच अडकली. केवढा तरी हिसका बसला.

"लागला!" मी ओरडलो.

"मागं कुठला मासा वो?" अनुजानं विचारलं.

मागं म्हैस होती. माशी तिच्या शेपटीच्या गोंड्यात गुरफटली होती. म्हशीनं शेपूट झटकलं, माझ्याकडं एकदा तुच्छतेनं बघितलं आणि चालू लागली. रीळ गरगर फिरायला लागलं. काठी साहेबाची आठवण, ती सोडवेना. म्हणून मीही निघालो.

काठावर कपडे धूत बसलेली म्हशीची मालकीण उठली. (चिमणाबाई, हे नाव नंतर कळलं.) "ए पावणं! माजी म्हस कुटं घिऊन चाललाईसा?"

"मी नाही वो, तीच मला घेऊन चाललीय!"

वीसेक पावलं मी पायांवर गेलो. पुढची पाच-सहा बसून, चिखलातनं. मग मामा आले. "हो... हो..." करत त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. ती उभी राहिली. त्यांनी शेपटीतून माशी सोडवली, आणि वरचा मणी त्यांच्या बोटाला लागला.

मामा प्रत्येक मणी स्वतः ठोकायचे, सुरीनं खाच पाडायचे. नव्या डोळ्यानं त्यांनी ती खाच बघितली. मग मला बघितलं. संपलं, मला वाटलं. आता पुन्हा चार शब्द.

"काय हाय वो त्यात?" चिमणाबाईनं विचारलं. अनुजाही मान उंचावून बघत होती.

मामांनी मूठ मिटली. "काय न्हाय. माशी हाय."

नदीकडं परत येताना त्यांनी मणी हळूच डबीत टाकला. मी चिखलानं माखलेला, मान खाली. "चुकलं, मामा."

"मासा लागंना झाला की मानसाचं असंच हुतंय, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "घरात सांगू नगा. आना ती काठी. बिनशिशाचं खरं कसं टाकत्यात, दावा."

मी दाखवलं. म्हणजे पुस्तकातलं पाठ म्हणून दाखवलं, झुलवलं त्यांनी. चौथ्या खेपेला दोरी लांब सरळ झाली, माशी अलगद पाण्यावर टेकली आणि टुपकन् काहीतरी वर आलं. मामांनी ओढलं. करंगळीएवढा मासा!

"घावला!" मामा उड्या मारायचेच बाकी होते. "पोरी, हे बघ! शिसं न्हाय, कायबी न्हाय! तुज्या नवऱ्यानं शिकवलं म्हनून घावला!"

माझी छाती चिखलासकट फुगली.

अनुजानं तो मासा तळहातावर घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढाच कसा!"