बिनदेवाचा पास

सिद्रामप्पांना कुणी ‘राम राम’ घातला की ते ‘बरं बरं’ म्हणायचे. ‘देवाच्या कृपेनं’ म्हटलं, तर कानामागे हात धरून विचारायचे, “कुनाच्या?” नाव गावच्या देवाचं, कपाळावर मात्र विभूतीचं बोट नाही. माझी आई म्हणायची, “मानूस भला हाय, पन लई तिरपागडा.”

गिरणीतून सुटले की हे आमचे शेजारी घरी न येता दवाखान्यात जायचे आणि ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्या खाटेशी बसायचे. एकदा नव्या वॉचमननं अडवलं. “भेटीची वेळ संपली. आता फक्त भटजी, मौलवी नाहीतर पाद्री.”

“मी बी त्यातलाच की. फकस्त देव संगं आनला न्हाय.”

पास हवा, तर अर्ज हवा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. बराच विचार करून मी हुद्दा लिहिला : ‘निधर्मी धर्मगुरू’. कचेरीतला कारकून इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. माझे कान तापले.

मोठे डॉक्टर हसले नाहीत. “मरणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता तरी काय?”

“सांगत काय न्हाय. इचारतो, मागं काय ऱ्हायलंय का. त्या मोहोळच्या म्हातारीची शेळी गाभन हुती. जीव तिच्यातच. यष्टीनं गेलो, बघून आलो. दोन करडं झालती. एक बोकड, एक पाट.”

“मग?”

“मग काय! मरायचं सोडून पाटीला नाव शोधत बसली की. नाव ठेवलं आन् मगच गेली.”

डॉक्टरांनी माझे दोन्ही शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘सोबती’. माझं लिहिलेलं खोडल्याचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

कारकून पास भरू लागला. “तुम्हालाच काही झालं, तर कुणाला कळवायचं?”

अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता पुटपुटले, “ह्या पोराचं नाव चालंल का? त्येच्या आईची हरकत नसंल तर...”

“नातं काय?” कारकुनानं विचारलं.

“पुतण्या,” मी म्हणालो.

“आडनाव तर वेगळं दिसतंय.”

“असू द्या,” मी म्हणालो. “लिहा.”