जागा चुकली, मजकूर नाही

यंदा मागायचं, पण वाकायचं नाही, असं मुकादमने सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. श्रोत्यांत एकटा नवरा होता आणि तो टोस्टला लोणी लावत होता, त्यामुळे घोषणेला म्हणावा तसा प्रतिसाद मिळाला नाही.

मुकादम म्हणजे बाई. वय सेहेचाळीस, विमा कंपनीत नोकरी, आणि उरलेल्या वेळात ‘मांडणी’ची देखरेख. ‘मांडणी’ हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही आपल्या वेबसाइटवर मजकूर लिहिता यावा, फोटो लावता यावेत, दुकानाच्या वेळा बदलता याव्यात, म्हणून तिने आणि आणखी काही हौशी मंडळींनी बारा वर्षांपूर्वी ते लिहायला घेतलं. ओपन सोर्स. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, उघडून आतलं यंत्र पाहावं, जमल्यास सुधारावं. यातलं घेणं आणि वापरणं लोकांनी अगदी मनापासून केलं. एक्केचाळीस हजार वेबसाइट ‘मांडणी’वर चालत होत्या. सुधारणारे मात्र तिघंच उरले होते: मुकादम, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर, आणि महिनोन्‌महिने गायब राहून अचानक वर येणारा एक गडी, ज्याला सगळे पाणबुडा म्हणत.

या तिघांचा संसार एका भाड्याच्या सर्व्हरवर होता. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत वर्षाचं भाडं आलं नाही तर सर्व्हर बंद, असं पत्र आलं होतं. सर्व्हर बंद म्हणजे ‘मांडणी’ बंद. नव्या दुरुस्त्या नाहीत, प्रश्न विचारायचा फोरम नाही, आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटायचं तर त्यालाही पैसे नाहीतच.

मागच्या वर्षी ‘नम्र आवाहन’ केलं होतं. त्याला अकरा उत्तरं आली. नऊ जणांनी विचारलं की आमच्या पानावरचा फोटो आडवा का दिसतो. एकाने आशीर्वाद दिले. एकाने पैसे दिले आणि फोटो आडवा का दिसतो हेही विचारलं.

म्हणून यंदा नम्रपणा रद्द. मुकादमने चार वाक्यांची सूचना लिहिली. वर्षं आणि महिने सॉफ्टवेअर स्वतःच मोजून भरणार होतं, आणि ज्याच्या नावाने पैसे जमा झाले असतील त्याला वगळणार होतं. ‘या वेबसाइटचे चालक मांडणी हे सॉफ्टवेअर अमुक वर्षं तमुक महिने फुकट वापरत आहेत. ते बनवणाऱ्यांना पगार नाही. चालकांकडून आजवर एक पैसाही आलेला नाही. शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमचा सर्व्हर बंद होईल.’ खाली पैसे भरायचं बटण. ही सूचना फक्त वेबसाइटच्या चालकाला, तीही तो पासवर्ड टाकून आत आल्यावर दिसायची होती. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करावा असं तिच्या मनातही नव्हतं. घरात बोलावून, दार लावून, मगच सुनवायचं.

“म्हणजे वसुली,” नवरा म्हणाला.

“माहिती,” ती म्हणाली आणि चार दिवसांची रजा टाकून बसली.

आता या धंद्यातली माणसंच करू जाणोत अशी चूक कशी होते ते पाहा. सूचना कशी दिसते हे तपासायला दर वेळी बाहेर जा, परत पासवर्ड टाका, आत या, याचा मुकादमला कंटाळा आला. तिने ‘फक्त चालकाला दाखवा’ ही ओळ तेवढ्यापुरती बंद केली. शेजारी लिहून ठेवलं: तपासणीपुरतं, नंतर उघडणे. आणि विसरली. तरी बिघडत नव्हतं, कारण नियम असा की कुठलाही बदल बाहेर जाण्याआधी दोघांनी वाचून अंगठा द्यायचा. पाणबुड्याने अंगठा दिला, कारण लिहिणारी मुकादम होती आणि मुकादम चुकत नाही. मास्तरांनी अंगठा दिला, कारण पाणबुड्याने दिला होता, आणि इतक्या दिवसांनी वर आलेला माणूस वाचल्याशिवाय थोडाच अंगठा देईल? मंगळवारी सकाळी दहा वाजता नवी आवृत्ती निघाली आणि एक्केचाळीस हजार ठिकाणी आपोआप जाऊन बसली.

दहा वाजून अठरा मिनिटांनी पहिला फोन आला. दंतवैद्य. त्यांच्याकडे बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींनी वेळ पाहायला म्हणून वेबसाइट उघडली होती आणि वरची लाल पट्टी सगळ्या बाकाला मोठ्याने वाचून दाखवली होती. ‘अकरा वर्षं चार महिने.’ आतल्या खुर्चीतल्या पेशंटने तोंडात कापूस असतानाही मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं होतं. ताबडतोब काढा, असं दंतवैद्यांचं म्हणणं होतं, नाहीतर ते वकिलांशी बोलणार होते. वकिलांचा फोन दहा पंचवीसला आला, पण तो त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटबद्दल. पुढे जलतरण तलाव, दोन शाळा, एक फर्निचरवाला. साडेअकरापर्यंत फोन इतका तापला की मुकादमने तो बशीत ठेवला.

चूक तिला पहिल्याच फोनला कळली होती. दुरुस्ती एका ओळीची, दोन मिनिटांची. तिने ओळ उघडली आणि बोट कळीवर ठेवलं. पण ते ‘ताबडतोब’ कानात कुठेतरी सलत होतं. तिने सहज फोरमवर दंतवैद्यांचं खातं काढून पाहिलं. अकरा वर्षांत त्रेसष्ट प्रश्न. त्रेसष्ट उत्तरं, त्यातली बेचाळीस तिच्या हातची. आभार शून्य.

तिने बोट उचललं.

मास्तर घाबरेघुबरे झाले होते. त्यांनी तीन परिच्छेदांचा माफीनामा लिहून पाठवला. त्यात ‘अक्षम्य’ हा शब्द चारदा होता. मुकादमने त्याची काटछाट करून चार वाक्यं ठेवली आणि पहिल्या पानावर लावली: ‘जागा चुकली, मजकूर चुकलेला नाही. दुरुस्ती नियमाप्रमाणे, तक्रारींच्या क्रमाने शुक्रवारी निघेल. मजकुरातला एकही शब्द खोटा निघाला तर दाखवा, लगेच बदलू. ज्यांना तोवर थांबवत नाही त्यांनी सॉफ्टवेअर उघडून ती ओळ स्वतः काढावी; ते सगळ्यांसाठी उघडंच आहे.’

हे शेवटचं वाक्य लोकांना फार लागलं. बारा वर्षं उघडं असलेलं दार पहिल्यांदाच कुणीतरी दाखवलं होतं, आणि आत कसं शिरायचं ते एकालाही माहीत नव्हतं.

तेव्हा तक्रारी आल्या. तक्रारीचा फॉर्म जुनाच होता: तुम्ही काय केलंत, काय दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात काय दिसलं. दंतवैद्यांनी लिहिलं, ‘काय केलंत: काहीही नाही.’ फर्निचरवाल्याने ‘काय दिसायला हवं होतं’ या रकान्यात ‘सोफा’ असं लिहिलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने सूचना चुकीची असल्याचं कळवलं: शाळा सात वर्षं नाही, सहा वर्षं अकरा महिने फुकट वापरत आहे. मुकादमने तारखा तपासल्या. बाई बरोबर होत्या. तिने एक महिना कमी केला आणि तसं जाहीरही केलं.

पैसे बुधवारी येऊ लागले, आणि जिकडून अपेक्षा नव्हती तिकडून. तलावावर पोहायला येणाऱ्यांनी पाठवले. दंतवैद्यांच्या बाकावरच्या आजींनी पाठवले. एका गायनवृंदाने आपसांत वर्गणी काढून पाठवली आणि सोबत लिहिलं, ‘आम्हाला वाटत होतं तुम्ही मोठी कंपनी असाल.’ मुकादमने ते वाक्य दोनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली. तशी हवा ठीकच होती.

गुरुवारी दुपारपर्यंत दोन तृतीयांश भाडं जमलं. उरलेला तिसरा हिस्सा जागचा हलेना. पाणबुडा म्हणाला, आता जरा गोड बोलून बघू या. मुकादमने त्याला परत पाण्यात जायला सांगितलं.

चार वाजता दारावर थोरले दीर आले.

थोरले दीर कृतज्ञतेची शिबिरं घेत. ज्याने तुमच्यासाठी काही केलं त्याला शोधा, त्याच्यासमोर उभे राहा, आणि आभार माना, असं ते दीड तास सांगत, आणि ऐकायला लोक पैसे देऊन येत. त्यांची वेबसाइट मुकादमनेच ‘मांडणी’वर उभी करून दिली होती. सकाळी तीनशे माणसांसमोर त्यांनी पडद्यावर ती उघडली. मोठ्या अक्षरांत ‘आभार मानलेत का?’ आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टी: नऊ वर्षं दोन महिने, एक पैसाही नाही.

ते चिडले होते ते यामुळे नाही. लोकांना तो शिबिराचाच भाग वाटला होता. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. एक गृहस्थ रडले होते. आणि आता दिरांना प्रत्येक शिबिरात पुढे काय झालं ते सांगावं लागणार होतं.

“घरच्या माणसाला फोन करून सांगता येत नव्हतं तुला?” ते आत येता येता म्हणाले.

“नऊ वर्षं दर आठवड्याला फोन येतोय भाऊजी. तुमचा. फोटो आडवा दिसतो म्हणून.”

नवरा पाणी घेऊन आला. दादा दमून आलेत, जरा बसू दे, असं काहीतरी पुटपुटला आणि दोघांच्या मधल्या खुर्चीत बसला. तिथून उठायला हवं होतं हे त्याला नंतर कळलं.

मुकादम म्हणाली, खोटा शब्द दाखवा, लगेच काढते. दीर म्हणाले, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, प्रश्न कुणी कुणाला म्हणावं याचा आहे. आणि त्यांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

फोनवर ‘मांडणी’ची स्वतःची वेबसाइट होती. ती अर्थात ‘मांडणी’वरच चालायची. तिच्या माथ्यावर लाल पट्टी होती: ‘या वेबसाइटचे चालक मांडणी हे सॉफ्टवेअर १२ वर्षं ० महिने फुकट वापरत आहेत. चालकांकडून आजवर एक पैसाही आलेला नाही.’

तीन दिवस. हजारो माणसं रागारागाने तिथेच तक्रार करायला येऊन गेली होती. मुकादम स्वतः नेहमी मागच्या दाराने, थेट कामाच्या पानावर जायची. दर्शनी पान तिने पाहिलंच नव्हतं. चार-पाच तक्रारींत ‘आधी स्वतःकडे बघा’ असं लिहिलेलं होतं. ते तिने टोमणे समजून बाजूला ठेवले होते.

“आता हे खोटं म्हणणार का?” दिरांनी विचारलं.

मुकादमने पट्टी शांतपणे वाचली. वर्षं बरोबर होती. महिने बरोबर होते. बारा वर्षांत तिने रविवार दिले होते, सुट्ट्या दिल्या होत्या, डोळ्यांचा नंबर दोनदा वाढवून घेतला होता. पण पैसा म्हणाल तर खरंच नाही.

“नाही,” ती म्हणाली. “खरं आहे.”

“मग आधी तू भर. तू भरलेस की तेवढेच मी भरतो. भावाच्या साक्षीने सांगतो.”

इथे दिरांचं चुकलं. त्यांना वाटलं ती वरमेल, चहा टाकेल, विषय जेवणाकडे जाईल. मुकादमने भाड्याचा राहिलेला आकडा काढला, त्याला दोनने भागलं, आणि संगणकावरची नजर न काढता नवऱ्यापुढे हात पसरला. तिची पर्स आतल्या खोलीत होती, आणि उठलं तर दीर निघून जातील अशी तिला भीती होती. नवऱ्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि कार्ड दिलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी अर्धे पैसे जमा झाले.

“तुमची पाळी, भाऊजी.”

दिरांनी आकडा पाहिला आणि आकडा न सांगता शब्द देऊ नये हे त्यांच्या कुठल्याच शिबिरात नसल्याची त्यांना पहिल्यांदा जाणीव झाली. पण साक्षीदार समोर होता, आणि शनिवारी पुढचं शिबिर होतं. ते भरून उठले, चपला घालताना थांबले आणि म्हणाले की निदान पावती तरी पाठव, पडद्यावर दाखवता येईल.

शुक्रवारी सकाळी भाडं गेलं. बाराला पाच कमी असताना दुरुस्ती निघाली, यावेळी मास्तरांनी ती मोठ्याने वाचल्यावरच. लाल पट्ट्या गेल्या. आता सूचना फक्त चालकांना, दार लावून. दंतवैद्यांनी त्यांचे पैसे संध्याकाळी भरले. आभार मानले नाहीत, पण चौसष्टावा प्रश्न ‘कृपया’ने सुरू केला. माफी मागणार का, असं फोरमवर अजून कुणीकुणी विचारतं. मुकादम त्यांना तक्रारीच्या फॉर्मची लिंक पाठवते.

एक बारीकसा घोटाळा राहिला. पावती कार्डाच्या नावाने निघते, आणि कार्ड नवऱ्याचं होतं. त्यामुळे ‘मांडणी’च्या आश्रयदात्यांच्या यादीत पहिलं नाव थोरल्या दिरांचं आहे, दुसरं नवऱ्याचं, आणि मुकादम रोज सकाळी पासवर्ड टाकून आत गेली की पट्टी तिला सांगते की तिच्याकडून आजवर एक पैसाही आलेला नाही. तिने ती काढलेली नाही. खरं आहे ते राहू दे, म्हणते.

नवऱ्याने मात्र आश्रयदात्याला मिळणारं आभाराचं पत्र नीट वाचलं. त्यात म्हटलं होतं, आपल्या सूचनांचं स्वागत आहे. मंगळवारी फोरमवर त्याचा पहिला संदेश आला, शेजारच्या खोलीतून: ‘मी आपला प्रमुख आर्थिक पाठीराखा आहे. बटणांचा रंग निळा करावा असं तीन दिवसांपूर्वी जेवताना सुचवलं होतं. अद्याप कुणीही दखल घेतलेली नाही.’