येतो म्हणजे कधी?

आमच्या आपटेकाकांच्या घरून निघताना 'येतो' म्हणायची सोय नाही. म्हणालात, की ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "कधी?" 'जातो' म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आपण 'येतो' म्हणतो, त्यात यायचा विचार असतोच असं नाही, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोण समजावणार! कॅनडात, आमच्या मिसिसागातल्या निम्म्या मराठी मंडळींनी या धसक्यानं त्यांच्याकडे जाणंच सोडलंय. उरलो मी. माझं घर त्यांच्या कॉन्डोपासून दोन रस्ते पलीकडे, त्यामुळे सुटका नाही.

काका हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. नियम स्वतःलाही तेवढाच कडक. बँकेतल्या बाईला सवयीनं "येतो हं" म्हणून आले, तर दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तिच्या खिडकीपुढे जाऊन उभे. "शब्द दिला होता," म्हणतात.

अशा माणसाबरोबर मी ओसाका पायी पाहिलं. माझं तिथे ऑफिसचं काम होतं आणि पुढे चार दिवस रजा. कॅल्गरीहून त्यांच्या मुलीचा, मृणालचा फोन आला. "दादा, बाबांना घेऊन जाल? आई आणि ते ही ट्रिप प्लॅन करत होते. आता बाबा जस्ट बसून असतात." मालतीकाकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मार्च संपत आलेला, ओसाकात माणसं पातळ कोटात फिरत होती आणि आमचे काका कॅनडातले बर्फाचे बूट घालून. "अजून झिजले नाहीत रे." भुयारी रेल्वेला पहिल्याच दिवशी नकार. "गाडीतून स्टेशनं दिसतात, शहर नाही. मालतीला चालत बघायचं होतं." खिशात काकूंचा नकाशा होता. त्यावर त्यांनी पेन्सिलीनं एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जाणारी वाट आखली होती. आभाळ चारही दिवस कोंदलेलं, खाली नदीचं पाणी काळपट, आणि आम्ही दोघं त्या पेन्सिलीच्या रेघेवरून चाललोय.

हेही मी निभावलं असतं. पण काका प्रत्येक दुकानातून निघताना "येतो हं" म्हणत! सुऱ्या विकणारा, छत्रीवाला, ऑक्टोपस घातलेले आप्पे करणारी बाई. या बाईकडे तर काकांनी शाकाहारी असल्यानं नुसतं आप्पेपात्र निरखलं. संध्याकाळी तेच पूल ओलांडून सगळ्यांकडे पुन्हा हजेरी. दुकानदार कमरेत वाकायचा, काका वाकायचे आणि निघताना जीभ पुन्हा घसरायची, "येतो हं." झाली दुसऱ्या दिवसाची सोय.

तिसऱ्या दिवशी भर पावसात, छत्रीवाल्यासाठी तीन पूल मागे जायचं निघालं तेव्हा मी भडकलो. "काका, त्याला मराठी कळत नाही! तो काही तुमची वाट बघत बसलेला नाही!"

काका पुलाचा कठडा धरून उभे राहिले.

"मालती बघत होती," ते म्हणाले. "हॉस्पिटलमधून आंघोळीला घरी निघालो. म्हटलं, 'येतो गं.' ती म्हणाली, 'कधी?' मी म्हटलं, 'तासाभरात.' आणि मग बर्फ सुरू झाला. हायवेवर चार तास गाडीत बसून होतो रे. पोचलो तेव्हा नर्स खाटेवरची चादर बदलत होती."

मला स्वतःची लाज वाटली. आम्ही छत्रीवाल्याकडे गेलो.

आम्ही उतरलो होतो त्या छोट्या गेस्टहाउसच्या मालकीणबाई रोज सकाळी आम्हाला दारापर्यंत पोचवायच्या आणि म्हणायच्या, "इत्तेराश्शाय." त्या संध्याकाळी काकांनी अर्थ विचारला. बाईंनी फोनवर इंग्रजीत काढून दाखवला. "अरे, 'जाऊन या'!" काका त्या प्रवासात पहिल्यांदा हसले. "ही तर आपल्यातलीच निघाली!"

निघायच्या सकाळी मात्र पंचाईत झाली. 'येतो' म्हटलं तर यायला हवं, आणि आता पुन्हा एवढा प्रवास या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. काका पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत राहिले, सोडत राहिले. शेवटी उठले, बाईंना हात जोडले आणि म्हणाले, "जातो."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. बाईंना त्यातलं काय कळणार? त्या रोजच्यासारख्या वाकल्या आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाय."

विमानतळापर्यंत काका टॅक्सीच्या काचेकडे तोंड करून रडत होते. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो.

मिसिसागात त्यांची बॅग घेऊन मी वर दारापर्यंत गेलो. काकांनी कुलूप काढलं, आतल्या अंधाराला म्हणाले, "आलो गं," आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबले. फ्रीज घरघरत होता. मग त्यांनी दिवा लावला.

मला तिथून पळावंसं वाटलं. बॅग आत सरकवली आणि सवयीनं बोलून गेलो, "येतो, काका."

चष्मा कपाळावर गेला. "कधी?"

आजवर या प्रश्नाला मी 'बघू', 'फोन करतो' असलं काहीतरी सांगून निसटत आलो होतो.

"उद्या सकाळी. आठला."

"बर्फ आहे म्हणतात उद्या."

"ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून येतो."

काकांनी चष्मा डोळ्यांवर उतरवला.

"जाऊन ये," ते म्हणाले.