हरलेल्या केसची फी

सुनीताताईंना कोणी "कशा आहात?" विचारलं, तर त्या आधी घड्याळ बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. अमेरिकेत वकिलाच्या तासाचे दहा भाग करतात. एक भाग सहा मिनिटांचा, त्याला म्हणायचं पॉइंट वन. ताईंचं सगळं आयुष्य याच मापाने चालायचं. चहा पॉइंट वन. मेथी निवडणं पॉइंट फोर. माझा इंटरव्ह्यू त्यांनी पॉइंट टूमध्ये उरकला होता.

पिस्कॅटवे गावात एका किराणा दुकानाच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. त्या वकील, मी त्यांची कागदपत्रं लावणारी मदतनीस. लसीमुळे इजा झाली असं ज्यांचं म्हणणं असे, त्यांचे दावे ताई सरकारी भरपाई योजनेत लढवायच्या. स्वतः मात्र दर ऑक्टोबरात फ्लूची लस टोचून घ्यायच्या, मलाही ओढून न्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "अपघाताच्या केसेस लढवणारे वकील गाडी चालवत नाहीत का?"

या दाव्यांत अशिलाकडून एक डॉलरही घ्यायचा नाही, असा कायदा आहे. फी कोर्ट मंजूर करतं आणि ती सरकारी निधीतून मिळते. केस हरली तरी मिळू शकते, फक्त ती प्रामाणिकपणे केली होती आणि तिला काही आधार होता, हे पटलं पाहिजे. मग एकेका कामाची नोंद तपासली जाते: हे वाजवी होतं का, आवश्यक होतं का. हे दोन शब्द ताईंच्या जिभेवर इतके बसले होते की मी रजा मागितली की ती वाजवी आहे का विचारायच्या, आणि दुसरा स्टेपलर मागवला की तो आवश्यक आहे का.

मंगलमावशी आमच्या अशील. साठी उलटलेल्या, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या, विधवा. फ्लूची लस घेतल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या पायांतली ताकद गेली, आणि मग त्या वॉकर घेऊनच चालू लागल्या. ताईंनी तीन वर्षं जीव तोडून केस लढवली आणि आम्ही हरलो. मावशींचा त्रास खरा आहे, पण तो लसीमुळेच झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. मावशींनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलले, असं लिहिलंय का?"

ताईंनी नाही म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं.

काही महिन्यांनी ताईंच्या फीचा निकाल आला. बरीचशी मंजूर झाली. असे निकाल ऑनलाइन कोणालाही वाचता येतात. मावशींचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असतो. आईच्या वैद्यकीय कागदांची एक पीडीएफही त्याने कधी उघडली नव्हती, पण हा निकाल मात्र त्याने पूर्ण वाचला आणि आईला आकडा सांगितला. मावशींचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"मला शून्य, आणि तुला एवढे? मग हरलं कोण?"

ताईंनी कायदा समजावला. एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. मावशींनी फोन ठेवला.

त्याच निकालात कोर्टाने ताईंच्या फीचा एक भाग कापला होता. अशिलाशी इतके फोन कशासाठी केले, ते नोंदींवरून कळत नाही, असा शेरा होता. माझा संताप झाला. फेरविचाराचा अर्ज तयार करून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सारला.

"कोर्टाचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला केसचं बोलणं व्हायचं. मग मावशी विचारायच्या, जेवलीस का, काय केलं होतंस. मी सांगत बसायचे. मला वाटायचं, केसचंच बोलतोय."

ताई एकट्या राहतात हे मला माहीत होतं. पण त्या काय जेवतात, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर ताई दर गुरुवारी दुपारी मावशींना फोन लावायच्या. मावशी उचलायच्या नाहीत. तशाच एका गुरुवारी मी फाइल द्यायला आत गेले, तेव्हा पलीकडे मावशींचा रेकॉर्ड केलेला आवाज निरोप ठेवायला सांगत होता. ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मावशी, मी जेवले," त्या म्हणाल्या. "आज वरणभात केला होता."