तिकीट बांधलेला दोडका

पाणी घालून झालं की कंडक्टरकाका त्या रोपाचं एक पान दोन बोटांत धरत आणि तिकिटाच्या पंचनं त्याला भोक पाडत. टक्. मग पुढचं रोप. भोक असलेलं पान म्हणजे पाणी मिळालेलं रोप. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. शिवरात्रीपर्यंत त्यांच्या वांग्यांची पानं चाळणीसारखी दिसायला लागत. फाटकाशी थांबलेला एखादा नवखा माणूस हळहळे, "काका, किडीनं खाल्लं की सगळं."

"कीड न्हवं पावणं," काका म्हणत, "चेकिंग झालंय."

बत्तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाले त्या दिवशी पंच खात्यात जमा करावा लागला. पंधरा दिवसांत त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा आणला. "हात ऐकंना," एवढंच त्यांचं कारण. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास आमच्या शेजारच्या प्लॉटवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि उरलेल्या सगळ्या जागेत भाजीपाला लावला. फाटकावर पाटी होती: दा. रा. कांबळे. वैशाखी पौर्णिमेला गच्चीवर पंचशीलाचा झेंडा लागायचा. एकटेच राहत. बायको, हौसाबाई, निवृत्तीच्या आधी दोन वर्षं वारली होती. मुलगा कबनूरला यंत्रमागावर होता, सणाला यायचा.

बाग कसली, ते एक स्टँडच होतं. न्हाणीघराचं पाणी जिथं सदा साचलेलं असे आणि अळू माजलेलं असे, त्या कोपऱ्याचं नाव चंदगड. न्हाणीची आणि मोरीची अशा दोन नाल्या जिथं मिळत, तिथं केळी होत्या, ती नृसिंहवाडी. भिंतीकडेची कोरडी ठणठणीत पट्टी म्हणजे जत. तिथं गवार. तण म्हणजे विनातिकीट. कोथिंबीर दाट उगवली की ती विरळ करताना, "म्होरं सरका, म्होरं सरका, आत जागा हाय," असं चालायचं. वेलांना ते उभ्यानं प्रवास करणारे म्हणत आणि मांडवाची काठी दाखवून दटावत, "दांडीला धरा की वो!"

पण काकांचा खरा हंगाम माघातला. संक्रांत झाली की त्यांची लगबग सुरू. दोडका, काकडी, कारली, सगळं शिवरात्रीच्या आत जमिनीत गेलंच पाहिजे. "शिवरातीला डबल बेल. मागनं पळत येनाऱ्याला गाडी थांबत न्हाय." त्या दिवसांत पहाटेची थंडी असते, बी लवकर फुटत नाही. म्हणून काका बी ओल्या फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. चार-पाच दिवस ती पुरचुंडी छातीशी असायची. रस्त्यानं जाताना कुणी खांद्याला धक्का दिला तर खेकसत, "जरा जपून! लेकुरवाळा मानूस हाय!"

फळ धरलं की त्याच्या देठाला ते दोऱ्यानं एक जुनं तिकीट बांधत. नोकरीत असताना गाडी रिकामी झाल्यावर सीटखालची वापरलेली तिकिटं त्यांनी पोत्यानं जमवली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहीत: "दोडका. सात दिवस." सात दिवस झाले की दोडका उतरलाच पाहिजे, नाहीतर जून होतो.

आणि ही सगळी तिकीटवाली मंडळी उतरायची कुठं? तर गल्लीत. एका माणसाला लागतं किती? रविवारी सकाळी काका चामड्याची जुनी पिशवी खांद्याला लावून निघत आणि पंचनं फाटकं वाजवत जात. पहिलं फाटक आमचं. टक्-टक्.

"सर, घ्या. दोन दोडकी, येक दुदी. कारली कवळी हायत तवर करा."

मी दोन्ही हातांनी घ्यायचो. "कशाला काका एवढा त्रास," असंही म्हणायचो.

सोमवारी शाळेतून येताना काका गाठत. "कसा झालता दोडका?"

"फार छान. मुगाची डाळ घालून केला होता."

"आन शिरांची चटनी?"

"केली ना. तीळ घालून."

"तीळ आदी भाजलं का नंतर टाकलं?"

हा प्रश्न आला की माझी पंचाईत व्हायची. काका अर्धवट उत्तरावर सोडणारे नव्हते. कारल्याचं पाणी काढलं का, गूळ किती, दुधी किसून की फोडी करून. मला चहासुद्धा धड येत नव्हता. शेवटी मी ग्रंथालयातून पाककृतींचं पुस्तक आणलं आणि रविवारी रात्री धडा वाचावा तसा एक-एक पदार्थ वाचायला लागलो. पुढं-पुढं माझं बरं जमायला लागलं. "फोडणीत लसूण जरा जास्त लाल झाला, पण त्यानंच चव आली," असं मी सहज सांगायचो. काका डोळे मिटून ऐकत. हातातला पंच थांबलेला असे.

आता सांगून टाकतो. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यातली एकही भाजी आमच्या चुलीवर चढली नाही.

पहिल्या रविवारी मी ती भाजी पिशवीत घालून आत नेली तेव्हा आईनं ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबवली. "कुणी दिली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ठेव तिथंच." बास. आमच्या घरात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही. सुनंदानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी उचलली, दुसऱ्या हातात दुधाची किटली घेतली आणि निघालो. आम्ही दूध घ्यायचो तो गोठा तीन गल्ल्या सोडून होता. पिशवी म्हशीपुढं रिकामी केली, किटली भरून घेतली आणि परत आलो.

असं दर रविवारी. मी तिकिटं तेवढी काढून खिशात ठेवायचो.

आईचं नाव पुढं करणं सोपं आहे; आई आता नाही. पण आईनं मला कधी "टाकून ये" म्हटलं नव्हतं. ती फक्त "ठेव तिथंच" म्हणाली होती. गोठ्याचा रस्ता मीच शोधला. आणि खरं तर, तिला उलटून एक शब्द बोलायची वेळ आली नाही, याचं मला मनातून बरंच वाटलं होतं. शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचो. फळ्यावर 'समता' लिहिताना माझं अक्षर फार सुरेख यायचं.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग एक बदल झाला. काकांच्या पिशवीतून कारली यायची बंद झाली. मांडवावर तर लोंबत होती. बाकीच्या फाटकांवर जात होती. आम्हालाच नाही. मी विचारलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण कारल्याबद्दल खोटं बोलणं सगळ्यांत अवघड होतं. पिशवी येत राहिली, सोमवारी "कसा झालता?" येत राहिलं, मी सांगत राहिलो.

आई गेली तेव्हा कार्तिक होता. तेराव्यापर्यंत काका रोज यायचे, अंगणात खुर्चीवर बसायचे, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. ते पाणी का मागत नाहीत हे मला कळायचं, आणि मी दिलंही नाही. ही दुसरी गोष्ट. तीही लिहून ठेवतो.

माघात मला राहवेना. एका सकाळी त्यांच्या फाटकातून आत गेलो. काका जतच्या पट्टीत खुरपत बसले होते.

"काका, एक सांगायचं होतं. तुम्ही भाजी देत होता ना, ती आमच्याकडं..."

"म्हशीनं खाल्ली," काका म्हणाले. खुरपं थांबलं नाही.

मी तसाच उभा राहिलो.

"बसा की. उबं का?" त्यांनी पालथं घमेलं माझ्याकडं सरकवलं. "चार वर्सं झाली मला कळून. आमचा शेनवाला गावाकडं गेला, म्हनून खतासाठी तुमच्या दूधवाल्याकडं गेलतो. शेनात माझंच तिकीट. दोडका, सात दिवस. आपलं अक्षर आपल्याला कळत न्हाय व्हय?"

एकदा, एकदाच, तिकीट काढायचं राहिलं असणार.

"त्याला इचारलं, तर त्यो म्हनतोय, सर लई धार्मिक हायत. दर ऐतवारी म्हशीला घास घालत्यात."

ते हसले. मला हसता येईना.

"राग आला असेल."

"आला की. न यायला काय झालं?" आता खुरपं थांबलं. "बत्तीस वर्सं सगळ्यास्नी ह्या हातानं तिकिटं दिली. सगळ्या जातीची मान्सं घ्यायची. कुनी तिकीट धुऊन घेतलं न्हाय कधी. मला वाटलं, भाजी काय आन तिकीट काय. दोन ऐतवार तुमच्या फाटकापतुर आलो आन माघारी फिरलो."

"मग परत का आलात?"

काकांनी हातांची माती झटकली. खिशातून पंच काढून नुसताच दाबत राहिले. टक्. टक्.

"हौसा गेल्यापास्नं आमच्यात निस्तं पिठलं. मला दुसरं कायबी येत न्हाय. येवडी भाजी पिकवतो, पर शिजवाय गेलो की चोथा होतो. ती सगळं करायची. शिरांची चटनी तर अशी, की बास. तुमी सोमवारी सांगायचा, कूट घातला, वरनं कोथमीर, लसून लाल झाला. म्या घरी जाऊन पिठलं-भाकरी खायचो, तुमचं बोलनं तोंडी लावून. खोटं हाय ठावं हुतं, सर. पर लई बैजवार सांगत हुता."

मी खाली बघत होतो. वांग्याच्या एका पानाला सात भोकं होती. मी ती दोनदा मोजली.

"आणि कारली?" मी विचारलं.

"म्हशीला कारलं घातलं की दूद कडवाट येतं म्हनत्यात." ते परत खुरपायला लागले. "तुमची मुक्ता त्येच दूद पिती न्हवं?"

मुक्ता म्हणजे माझी मुलगी. तेव्हा ती पाचवीत होती.

क्षमा मागायची असं ठरवून मी गेलो होतो. वाक्यंसुद्धा तयार होती. ती पुस्तकातल्या पाककृतींसारखीच वाटली. शेवटी काकांनीच बंडीत हात घातला आणि फडक्याची पुरचुंडी काढली. आत दोडक्याचं काळं बी होतं, प्रत्येकाला पांढरा कोंब फुटलेला. हाताला ते अजून उबदार लागलं.

"हौसाच्या म्हायेरचं बी हाय. चंदगडाकडचं. चार देतो. तुमच्या परसात लावा. शिवरात परवावर आली, आजच लावा. पानी तुमी घालायचं, चेकिंग मी करनार."

मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आळं केलं. दोन वेल मेले, एकावर मावा पडला, एक जगला. काका रोज संध्याकाळी कुंपणावरून वाकून पानाला भोक पाडत आणि शिव्या देत. "येवडं पानी? चंदगड केलंय का हितं?" पाडव्यानंतर पहिला दोडका धरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देठाला तिकीट होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं: "सरांचा. सात दिवस."

सातव्या दिवशी मी तो उतरवला. सुनंदानं विळी माझ्याकडं सरकवली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. तीळ आधी भाजायचे असतात हे तिनं बोटानं दाखवलं. शिरा काढताना माझं बोट कापलं. भाजी झाली, चटणी झाली. डबा घेऊन शेजारी गेलो.

काकांनी पितळेची ताटली पुसून तीत भाकरी घेतली. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. दहावीच्या निकालालासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.

"तुमी सांगत हुता तसा न्हाय झाला," ते म्हणाले. "मीठ कमी हाय. आन शिरा करपवल्या."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी दुसरी भाकरी घेतली. भाजी संपवली. चटणीचा शेवटचा तीळ बोटाला चिकटवून उचलला. ताटली रिकामी झाली तरी हात न धुता तसेच बसून राहिले, आणि मग त्यांनी डोळे मिटले.

"हं, सांगा आता," ते म्हणाले. "कसा केला?"

मी सांगायला लागलो. सांगण्यासारखं फार थोडं होतं.